रुमालाखालचा हात

जाहिरात त्रिशला मगदूमनं स्वतःच लिहिली. 'क्लाउड सर्व्हरची देखभाल स्वयंचलित करून देणारी जाणकार व्यक्ती हवी. लॉगिन सुरक्षित राहिलं पाहिजे. कामाचा योग्य मोबदला मिळेल. फुकट सल्ला देणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.' शेवटचं वाक्य संघाचे अध्यक्ष भूपालअण्णा उपाध्ये यांना जरा उद्धट वाटलं. त्रिशलानं ते तसंच ठेवलं. सांगलीत फुकट सल्ल्याची वानवा कधीच नव्हती, आणि तिला आता सल्ला नको होता, सुटका हवी होती.

संघ म्हणजे कृष्णाकाठ शीतगृह संघ. तासगावचा बेदाणा ज्या शीतगृहांत राहतो त्यांची थंडी, सांगलीच्या हळदीची गोदामं, रोजच्या लिलावाच्या बोली, हा सगळा कारभार क्लाउडवर चालायचा. क्लाउड म्हटलं की लोक उगाच वर बघतात. वर काही नसतं. दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीत भाड्यानं घेतलेली यंत्रं असतात, एवढंच. बेदाण्याचा हंगाम आला की ती वाढवायची, हंगाम सरला की कमी करायची, एखादं रुसलं की त्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. हे सगळं त्रिशला गेली कित्येक वर्षं एकहाती करत होती. लग्नकार्यातसुद्धा ती अक्षता टाकून आधी फोन बघायची, आणि नातेवाइकांनी आता तिला त्यावरून बोलणंही सोडून दिलं होतं.

तिला बांधून ठेवलं होतं ते लॉगिननं. पूर्वी लोक पासवर्ड लक्षात ठेवत. मग बोटाचा ठसा आला, चेहरा आला, आवाज आला. पण यंत्रं माणसांची सोंगं घ्यायला शिकली आणि बघता बघता हे सगळं पाण्यात गेलं. कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज घरबसल्या बनवता येऊ लागला. त्या काळाला लोक अजूनही नकली चेहऱ्यांची साथ म्हणतात. ती ओसरली करपल्लवी आल्यावर.

करपल्लवी म्हणजे टेबलात पक्की बसवलेली एक मऊ गादी. तिच्यावर तळहात ठेवायचा. गादी हाताला वेगवेगळ्या जागी हलकेच दाबते आणि हात आपोआप उत्तर देतो. दाब दर वेळी नवा, त्यामुळे कालचं उत्तर चोरून आज काही उपयोग नाही. प्रत्येक हाताचे स्नायू आपापल्या चालीनं उत्तर देतात, आणि ते उत्तर माणूस ठरवून देत नसतो. सायकलवर तोल कसा सांभाळतोस असं विचारलं तर कुणाला धड सांगता येत नाही, तसंच हे. जे स्वतःलाच माहीत नाही ते माणूस दुसऱ्याला सांगणार कसं?

पण एक भोक उरलं होतं. गळ्यावर सुरी ठेवून कुणी गादीवर हात ठेवायला लावला तर? म्हणून मोठ्या कामांच्या वेळी करपल्लवी दुसरा प्रश्न विचारते. ओळख पटली की ती एक सावकाश, लांब दाब देते. मनातून तयार असलेला हात त्या दाबाला लगेच जाऊन मिळतो. मनात नसलं, तर पुढे नेणारे आणि मागे ओढणारे असे दोन्ही स्नायू एकाच वेळी ताठ होतात, तेही पापणी लवायच्या आत. माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. गादीला लागतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात: ओळख पटली, संमती नाही. एकदा असा नकार आला की आठवडाभर तोच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही, म्हणजे सुरीवाल्याला नेट लावत बसायची सोय नको. गादी जागेवरून हलवताही येत नाही. हलवली की ती आपणहून मुकी होते.

अशी चोख वस्तू नुसत्या सर्व्हरच्या खोलीत थोडीच राहणार? ती जमिनीच्या व्यवहारांत आली, वाटण्यांत आली, लग्नाच्या नोंदणीत आली. कुपवाडात एका नवरदेवाचा हात ऐन वेळी नाही म्हणाला. मुलीकडच्यांनी जेवणाची पंगत तेवढी उरकून घेतली, अन्न वाया कशाला घालवा म्हणून. 'तोंड खोटं बोलेल, हात बोलणार नाही' ही जाहिरातीतली ओळ लोकांच्या तोंडी म्हणीसारखी बसली, आणि माणूस काय म्हणतो यापेक्षा त्याचा हात काय म्हणतो हे विचारायची सवय गावाला लागली.

त्रिशलाचा नवरा श्रेणिक हा काचा आणि आरसे यांतला माणूस. मिरजेच्या कारखान्यात भिंगं घासता घासता त्यानं कुठे कुठे अर्ज केले होते, आणि लडाखमधल्या एका वेधशाळेत मोठ्या आरशाची देखभाल करायचं काम त्याला मिळालं होतं. पत्र आलं त्या सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आपण लडाखला चाललो." त्रिशला चहा गाळत होती. ती म्हणाली, "जाऊ या की." इतकं सोपं झालं ते. दसऱ्याच्या आत रुजू व्हायचं होतं. भाऊ-वहिनी असल्यामुळे वडिलांची काळजी नव्हती, मूलबाळ नव्हतं, अडत होतं ते फक्त संघाच्या खोलीतल्या त्या गादीपाशी. म्हणून जाहिरात.

जाहिरातीला उत्तरं पुष्कळ आली, पण त्रिशलानं निवडली ती मिरजेची नजमा सतारमेकर. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनत आले होते, हिनं मात्र संगणकाची वाट धरली होती. पहिल्या भेटीत बाकीच्यांनी काय काय करायचंय ते विचारलं होतं. नजमानं विचारलं, "ताई, काय कधीच व्हायला नको ते सांगा आधी." त्रिशलाला हा प्रश्न फार आवडला. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. शीतगृहाची थंडी कधी जाता कामा नये, आणि माझ्या नावानं मला नको असलेलं काही होता कामा नये.

नजमानं जो प्रोग्राम उभा केला त्याला दोघी कारभारी म्हणायच्या. कारभारी सर्व्हरवर नजर ठेवणार, भार वाढला की यंत्रं वाढवणार, बिघडलेलं बाजूला काढणार, दुरुस्त्या चढवणार. पण त्याच्या हाती घराची सगळी किल्ल्यांची जुडी द्यायची नाही यावर नजमा ठाम होती. ज्या कामाला जी किल्ली लागते तेवढीच त्याला मिळायची, आणि काम झालं की ती किल्ली बाद. चोरानं पळवली तरी तिनं कुठलंच दार उघडणार नाही. मुद्दाम बिघाड घडवून त्यांनी कारभाऱ्याची परीक्षा पाहिली, दोन शीतगृहांचे सर्व्हर एकदम पाडले, तरी बेदाण्याला घाम फुटला नाही. त्रिशलाला इतका हुरूप आला की तिनं लोकरीचे मोजे विकत घेऊन टाकले.

उरला फक्त अधिकार सोपवायचा विधी. करपल्लवीवर हात ठेवून त्रिशलानं म्हणायचं की माझ्या नावानं कारभाऱ्यानं काम करावं. भूपालअण्णांना अशा प्रसंगांची हौस. त्यांनी पेढे मागवले, संचालकांना बोलावलं, श्रेणिकलाही सुट्टी काढायला लावली. त्रिशलानं हात ठेवला. गादीनं ओळखीचे दाब दिले, मग तो लांब दाब दिला. पडद्यावर अक्षरं उमटली.

ओळख पटली, संमती नाही.

भूपालअण्णा हसले आणि म्हणाले, आमची त्रिशला आम्हाला सोडून जाईल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. संचालकही हसले, आणि पेढे वाटायचे राहिले होते ते वाटून झाले. त्रिशला मात्र श्रेणिककडे बघत होती. तो पडद्यावरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत होता.

दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांच्या घरची रीत. त्या संध्याकाळी ताटं वाढली गेली, आमटी निवत राहिली. श्रेणिक चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही.

"मन नव्हतं तर मला सांगायचंस," तो म्हणाला.

"मन होतं. आहे."

"मग हात?"

तिनं मोज्यांची आठवण करून दिली. नजमाला तिनंच शोधलं, कारभारी तिनंच घडवून घेतला, यात नकार कुठे दिसतो, असं विचारलं. श्रेणिक ऐकून घेत होता, पण एखाद्या आजारी माणसाचं ऐकावं तसं. माणसाला स्वतःचं मन कळतंच असं नाही, असं तो म्हणाला. त्रिशलाला त्याचा राग आला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, आणि बायकोच्या शब्दापेक्षा त्याला एका गादीची खात्री जास्त! पण राग ओसरला की मागे भीती उरायची. खरंच आपल्याला जायचं नसेल तर? बारा महिने तेरा काळ ज्या खोलीला नावं ठेवली तिलाच आपण चिकटून बसलो असू तर? ती भांडी घासताना स्वतःला तपासायची, रस्त्यानं जाताना तपासायची, आणि दर वेळी तिला जायचंच असायचं.

आठवडा सरल्यावर तिनं पुन्हा हात ठेवला. या वेळी खोलीत नजमाशिवाय कुणी नव्हतं, पेढेही नव्हते. उत्तर तेच आलं. श्रेणिकला तिनं फोनवर सांगितलं. तो म्हणाला की मी पुढे जातो, तू सावकाश ठरव. ठरवायचं काही राहिलंच नव्हतं, ते सावकाश कसं ठरवायचं, हे त्रिशलाला कळेना. दसरा तोंडावर आला होता आणि तिचा संसार दोन टोकांना जायच्या बेतात होता, तेही तिनं एकदाही नाही न म्हणता.

रविवारी ती वडिलांकडे गेली. कलाप्पा चौगुले, म्हणजे तिचे आप्पा, वखारभागात तिच्या भावाजवळ राहायचे. तरुणपणी ते हळदीचे दलाल होते, आणि त्या काळी सौदा तोंडानं होत नसे. विकणारा आणि घेणारा यांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. भोवती माणसांचा गराडा असला तरी भाव फक्त त्या दोन हातांना ठाऊक. बाजारातून ही रीत केव्हाच गेली, चौगुल्यांच्या घरातून गेली नव्हती. लहानपणी जत्रेला किती वाजेपर्यंत थांबायचं ते त्रिशलानं रुमालाखालीच ठरवलेलं. आताही वहिनी पेढ्यांचा डबा घेऊन आली तसा आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून त्रिशलाच्या हातावर टाकला. त्यांना साखरेचा त्रास होता आणि पेढ्यांचा हिशेब लेकीशी व्हायचा असा नियम होता.

त्रिशलानं त्यांचं एक बोट धरलं. आप्पांचा हात जागीच राहिला. नाही म्हणून झटकला नाही, हो म्हणून दाबलाही नाही, नुसता राहिला, आतून किंचित ताठ. मग त्यांनी तिची दोन बोटं धरली आणि तिचाही हात तसाच राहिला. आणि तिथेच त्रिशला चपापली. हा ताठपणा तिच्या ओळखीचा होता. गादीनं तो लांब दाब दिला तेव्हा अगदी हेच झालं होतं.

तिनं नजमाला फोन लावला. करपल्लवीत नवख्यांना सवय व्हावी म्हणून सरावाची सोय असते, तिच्यात वाटेल तो प्रश्न घालता येतो. तिघं संघाच्या खोलीत जमली. आप्पांचा हात गादीवर ठेवला आणि नजमानं प्रश्न घातला: एक पेढा घेणार का? पेढ्यासाठी आप्पा चालत तासगावला गेले असते. पडद्यावर आलं, संमती नाही.

नजमा खूश झाली. म्हणजे सवय आहे, ती म्हणाली. दलालाच्या घरचा हात पहिल्या बोलीला मिळत नाही, ते वळणच पडून गेलंय. यंत्र बनवणाऱ्यांनी हजारो हात तपासले असतील, पण ते ऑफिसातल्या लोकांचे, कॉलेजातल्या मुलांचे. रुमालाखाली वाढलेला हात त्यांना भेटलाच नसणार. ती म्हणाली, "ताई, संमतीची पट्टी थोडी खाली आणली तर तुमचा हात पास होईल. आणता येते मला."

आणता येते म्हटल्यावर त्रिशलाला आनंद झाला. मग तिनं विचारलं की पट्टी खाली आणली तर भ्यालेला हातसुद्धा पास होईल का. थोडा फार होईल, नजमानं कबूल केलं. त्रिशलानं लगेच नको म्हटलं. तालुक्यातल्या सगळ्यांचा बेदाणा त्या पट्टीच्या भरवशावर होता, आणि आपल्याला लडाखला जायचंय म्हणून दाराची कडी सैल करणं तिच्या रक्तात नव्हतं. नजमा हसली. तुम्ही हो म्हणाला असता तर मी काम सोडून गेले असते, असं तिनं सांगून टाकलं.

आप्पा इतका वेळ आपल्या हाताकडे बघत बसले होते. त्यांना आता ऐकू कमी यायचं, पण पडद्यावरचं त्यांनी वाचलं होतं, आणि ते त्यांना पटलं नव्हतं.

"मी न्हाई कुठं म्हटलं?" ते म्हणाले. "एकच देत हुतं ते. मला दोन पायजेत."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. नजमानं प्रश्न बदलला: दोन पेढे घेणार का? गादीनं लांब दाब दिला, आणि आप्पांचा हात असा जाऊन मिळाला की गादीलाही बरं वाटलं असेल. संमती आहे.

म्हणजे सवय नव्हती. सवय असती तर दुसऱ्याही वेळी हात अडला असता. दोघींनी मग हळदीवर, पानावर, रविवारच्या सिनेमावर असे प्रश्न घालून पाहिले, आणि दर वेळी तेच दिसलं. आप्पांना पुरेसं वाटलं की हात मिळे, आणखी हवं असलं की अडे. नको असलेल्या गोष्टीला अडे तसाच. यंत्र खोटं बोलत नव्हतं. हात मागे राहिला हे त्याला अचूक कळत होतं. 'नको' म्हणून मागे राहिला की 'एवढ्यावर नको' म्हणून, हे त्याला कळायची सोयच कुणी ठेवली नव्हती, कारण ज्यांनी ते बनवलं त्यांच्या हिशेबात उत्तरं दोनच होती.

आप्पांना हे समजावून सांगितलं तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "हो आणि न्हाई याच्या मधीच तर सगळा बाजार भरतो," ते म्हणाले. मग त्यांनी लेकीकडे नीट बघितलं. "तुला काय कमी पडतंय गं? तुझा भाव काय?"

त्रिशला आप्पांना घरी सोडून आयर्विन पुलावर जाऊन उभी राहिली. इतके दिवस ती स्वतःला एकच प्रश्न विचारत आली होती, जायचंय की नाही जायचं. आता दुसराच विचारला, आणखी काय हवं, आणि उत्तर इतक्या चटकन आलं की तिला लाज वाटली. हंगाम हवा होता. गाड्यांच्या रांगा, लिलावाचा गलबला, एकामागून एक उजळत जाणारे सर्व्हर, आणि हे सगळं आपल्या बोटांखाली चाललंय ही मस्ती. बाकीचे महिने कारभाऱ्यानं खुशाल न्यावेत, पण हंगाम तिला द्यायचा नव्हता. आणि दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. श्रेणिकनं तिला विचारलंच नव्हतं. चाललो म्हणून सांगितलं होतं, आणि तिनंही चहा गाळता गाळता मान डोलावली होती. चूक त्याच्याइतकीच तिचीही होती. दलालाची पोर, आणि सौदा न करताच माल देऊन बसली.

घरी श्रेणिक एकट्याची बॅग भरत होता. तिनं बॅग बाजूला सारली आणि त्याला समोर बसवलं. पेढ्यांची हकीकत ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास होता, मग कुतूहल आलं, कारण कशाची तरी परीक्षा घेऊन काही सिद्ध केलं की हा माणूस ऐकायचा. तिनं हात पुसायचा रुमाल घेतला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आत त्याचा हात धरला.

"आधी मला विचार," ती म्हणाली.

तो गोंधळला. मग त्याला समजलं. "येतेस माझ्याबरोबर?"

तिनं त्याची चार बोटं धरली. चार म्हणजे काय, त्यानं विचारलं. महिने, ती म्हणाली. दर वर्षी हंगामाला मी सांगलीत येणार, गादीवर माझा हात असणार, तेवढे दिवस तू तिकडे एकटा. बाकी सगळे तुझ्याजवळ, आणि आनंदानं. श्रेणिकचा हात ताठ झाला. एवढं मोठं अंतर, एवढी थंडी, आणि बायको वर्षातले चार महिने बेदाण्यापाशी! त्यानं तिचं एकच बोट धरलं. तिचा हात हलला नाही. त्यानं दोन धरली. तिनं चारचीच पकड दिली, पण थोडी सैल. पहिल्यांदाच सौदा करणारा हा माणूस रुमालाखाली बघायला वाकला तशी तिनं त्याला चापट मारली, आत बघायचं नसतं म्हणून. मग बराच वेळ दोघं नुसते हात धरून बसले. शेवटी त्यानं तीन बोटं धरली, घट्ट, आणि तिला कळलं की हा त्याचा शेवटचा भाव आहे आणि तो मनापासून दिलेला आहे. तिनं हात दाबला.

"म्हणजे तू नाही म्हणत नव्हतीस," तो म्हणाला.

"भाव सांगत होते. मला तरी कुठं ठाऊक होतं?"

तो हसला, आणि मग त्याचे डोळे भरून आले, कारण त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता हे त्याला एवढ्या दिवसांनी बोचलं. तसं त्यानं बोलूनही दाखवलं. त्रिशलानं ते ऐकून घेतलं आणि आमटी गरम करायला उठली. बाहेर अजून उजेड होता.

नजमानं अधिकारपत्राचा मजकूर बदलला. हंगामाचे तीन महिने वगळून एरवी कारभाऱ्यानं काम बघावं, हंगामात किल्ल्या आपोआप त्रिशलाच्या हाती याव्यात. भूपालअण्णांना हे आधीपेक्षा जास्तच पसंत पडलं. यंत्राला तिसरं उत्तर शिकवा, 'अजून बोलणं बाकी आहे' असं, ही सूचना नजमानं ते बनवणाऱ्यांना कळवली. त्यांचं उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. नजमाला त्याचा अर्थ बरोबर कळला, आणि तिनं दुसऱ्याच दिवशी पुन्हा लिहिलं, सोबत आप्पांच्या हाताच्या सगळ्या नोंदी जोडून.

आठवडा सरताच पुन्हा सगळे जमले. या खेपेला अण्णांनी पेढे आणले होते, पण डबा धीर धरून बंद ठेवला होता. त्रिशलानं हात ठेवला. गादीनं ओळखीचे दाब दिले, मग तो सावकाश, लांब दाब आला, आणि तिचा हात आपणहून, एका क्षणाचीही वाट न बघता, त्याला जाऊन मिळाला. पडद्यावर काय उमटलं ते तिनं बघितलंही नाही. तिला ते हातातच कळलं होतं. तिनं श्रेणिककडे पाहिलं, तर तो या वेळी पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता.

भूपालअण्णांनी टाळ्या थांबल्यावर हळूच विचारलं, यंत्रात नेमकं काय दुरुस्त केलं म्हणून.

"यंत्र तेच आहे, अण्णा," त्रिशला म्हणाली. "सौदा बदलला."

अण्णांना ते नीटसं कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली आणि पेढ्यांचा डबा उघडून सगळ्यांत आधी कलाप्पा चौगुल्यांपुढे धरला. एक घ्या, ते म्हणाले. आप्पांनी सावकाश खांद्यावरचा पंचा काढला.